पहिल्या ओळीपासून

"पुन्हा पहिल्या ओळीपासून," कॅप्टन म्हणाला.

सहवैमानिकेने तपासणीची यादी पुन्हा वर धरली. ते अर्ध्यावर आले होते, तेवढ्यात विमानतळाचा माणूस इंधनाच्या कागदावर सही घ्यायला कॉकपिटच्या दारात उभा राहिला. सही झाली, माणूस गेला. जिथे सोडलं तिथून पुढे जायचं, असंच ती आजवर करत आली होती. सगळेच करायचे.

दिवसाचं चौथं उड्डाण होतं. ती पहाटे साडेतीनला उठलेली. आता दुपारचे तीन वाजत आले होते आणि डोळे चुरचुरत होते. हे एवढं एक उरकलं की हॉटेलची खोली, ओढलेले पडदे आणि झोप.

कॅप्टनही काही ताजातवाना नव्हता. शर्टाच्या खिशावर सकाळच्या कॉफीचा डाग तसाच होता. मांडीवरचा फोन थरथरला. त्याने पाहिला आणि बंद करून बॅगेत टाकला.

"घरून का, सर?"

"हं. वाच पुढे."

कंपनीत त्याच्यावरून घड्याळ लावावं, असं म्हणत. वीस वर्षांत त्याने कुणासाठी पाच मिनिटंही विमान थांबवलं नव्हतं. आणि आज त्याचं हे काय चाललं होतं?

यादी पुन्हा अर्ध्यावर आली आणि दारावर टकटक झाली. केबिनच्या प्रमुख बाई आत डोकावल्या. मागे सगळे त्यांना हेडबाई म्हणत.

"दुसऱ्या विमानातून येणारे सात होते. सहा आले. एक बाई राहिल्यात. त्यांचं विमान उशिरा उतरलं म्हणे. काय करू, दार लावू?"

"एका माणसासाठी थांबायचा नियम नाही," कॅप्टन म्हणाला. "आमची यादी झाली की लावा."

"म्हणजे झालीच म्हणायची."

"नाही ना. मध्येच तुटली. पहिल्यापासून घ्यावी लागेल."

हेडबाईंनी सहवैमानिकेकडे पाहिलं, भुवई उडवली आणि निघून गेल्या. दीडशे वैतागलेली माणसं त्यांच्या वाट्याला होती.

तिसऱ्यांदा वाचायला घेतलं तेव्हा सहवैमानिका मनातून धुमसत होती. रागाने का होईना, ती प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. वजनाच्या ओळीवर बोट थांबलं.

"सर, कागदावर अडुसष्ट टन आहे. विमानाच्या संगणकात अठ्ठावन्न गेलंय."

कॅप्टनने कागद ओढून घेतला आणि आकड्यावर बोट ठेवलं.

दहा टनांची चूक. त्या हिशोबाने वेग धरला असता, तर धावपट्टी संपत आली तरी विमानाने जमीन सोडली नसती. आणि ही ओळ त्या दोघांनी दोनदा वाचली होती. दोन्ही वेळा तिने स्वतःच्या तोंडाने 'बरोबर' म्हटलं होतं.

"मी घातला तो आकडा," कॅप्टन हळूच म्हणाला. चेहरा पांढराफटक पडला होता. "माझं लक्ष नव्हतं."

त्याने आकडा दुरुस्त केला. तिने तो तपासला. मग त्याने खुंटीवरचं चमकपट्ट्यांचं जाकीट काढलं.

"बाहेरची फेरीसुद्धा पुन्हा मारून येतो. मघाशी मारली तेव्हाही लक्ष नव्हतं."

खिडकीतून ती बघत राहिली. तो प्रत्येक चाकापाशी वाकत होता, इंजिनाच्या तोंडात मान घालून पाहत होता. विमानतळाचा माणूस त्याच्या मागे मागे फिरत मनगटावर बोट आपटत होता. तिने खिडकीची काच सरकवली, तेव्हा त्या माणसाचं ओरडणं ऐकू आलं.

"साहेब, टॉवरने दिलेली वेळ गेली! उशीर कुणाच्या नावावर टाकू?"

"माझ्या," कॅप्टन म्हणाला.

परतताना तो शिडीच्या पायथ्याशी दम खात थांबला. वय झालं, तिला वाटलं. आणि मघाच्या रागाची लाज वाटली.

तो वर येऊन बसला, तोवर हेडबाई हजर. "ती बाईपण आली बरं का. चपला हातात घेऊन पळत आली बिचारी. नशीब लागतं."

"दार लावा," कॅप्टन म्हणाला.

या खेपेला कुणी मध्ये आलं नाही. यादी चार मिनिटांत संपली. पंचवीस मिनिटं उशिराने विमान उडालं, ठरल्या वेगाला, ठरल्या जागी.

विमान ढगांच्या वर स्थिरावलं. तिने यादी जागेवर ठेवली आणि म्हणाली, "सर, तुमच्या जागी मी असते तर घाईला बळी पडले असते."

"असं कुणाचं सांगता येत नाही," तो समोर बघत म्हणाला.

उतरल्यावर तिने उशिराचा अहवाल स्वतःच लिहायला घेतला. वजनाची चूक लिहिली, त्यात आपणही दोनदा फसलो हे लिहिलं. खाली लिहिलं, 'चारी बाजूंनी दबाव असताना कॅप्टननी तपासणी दर वेळी पहिल्या ओळीपासून केली, म्हणून आज आम्ही सगळे आहोत.' सहीसाठी कागद घेऊन ती दाराशी आली. कॅप्टन तिथे उभा राहून प्रवाशांना निरोप देत होता. निम्मे लोक त्याच्याकडे न बघताच उतरत होते. एकाने तर घड्याळच दाखवलं.

सर्वांत शेवटी ती उशिरा आलेली बाई आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. ती कॅप्टनसमोर थांबली. आता हीही दोन शब्द ऐकवणार, असं सहवैमानिकेला वाटलं.

"दादाचा फोन होता. बाबा शुद्धीवर आहेत अजून, आपल्या दोघा धाकट्यांची वाट बघतायत," बाई कॅप्टनच्या खिशावरचा कॉफीचा डाग रुमालाने पुसत म्हणाली. "मी गाडीत बसते, तू ये. आणि तुझी ती यादी एकदा मला दाखव रे, पंचवीस मिनिटं वाचण्यासारखं त्यात आहे तरी काय?"