पाणी म्हटल्यावर

"चहा," बाई म्हणाल्या.

"साखर," म्हातारा म्हणाला.

प्रयोगशाळेतलं काम सोपं होतं. बाईंनी एक शब्द उच्चारायचा, समोरच्यानं मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा, आणि मधे किती वेळ गेला ते मशीन मोजायचं. उत्तर जितकं झटकन, तितकी त्या दोन शब्दांची मनातली गाठ पक्की. आजचा म्हातारा तुरुंगातला निवृत्त अधिकारी होता. बोलायला मोठा गोड. आल्या आल्या त्यानं सगळ्यांची विचारपूस केली होती. मशीन चालवणारा मशीनवाला मात्र मान खाली घालून काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसला. तरुणपणी पत्रकं वाटली म्हणून तो चार वर्षं आत होता, यापलीकडे बाईंना त्याच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं.

"पाणी."

"बादली."

मशीनवरचा वेळेचा आकडा एकदम निम्म्यावर आला. आजवर बहुतेकांनी तहान म्हटलं होतं. यादीत पुढचा शब्द खिडकी होता, पण बाईंना राहवलं नाही.

"बादली."

"डोकं."

एवढं जलद उत्तर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

काचेपलीकडची खुर्ची पडली. मशीनवाला आत आला, त्यानं म्हाताऱ्याचे केस मुठीत धरले आणि त्याला फरफटत कोपऱ्यातल्या बेसिनपाशी नेलं. तिथे सकाळचे कप पाण्यात भिजत पडले होते. त्यानं डोकं आत दाबलं. कप फुटले. पाणी लाल व्हायला लागलं. म्हाताऱ्याचे बूट फरशीवर घासत होते. बाई मशीनवाल्याच्या दंडाला लोंबकळल्या. एका झटक्यात टेबलावर जाऊन आदळल्या. उठून त्यांनी स्टूल उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. तो हललाही नाही.

मग त्याची मूठ आपोआप सुटली. आपल्या हातांकडे तो बघत राहिला.

म्हातारा भिंतीला टेकून खाली बसला. कपाळ फाटलं होतं. बराच वेळ तो खोकला. बाईंनी फोन हातात घेतला, डॉक्टरांना बोलावते म्हणाल्या. त्यानं हातानंच थांब म्हटलं आणि मशीनवाल्याकडे मान वर करून पाहिलं.

"चाळीसपर्यंत मोजायचं," नवख्याला समजवावं तसं तो म्हणाला. "त्याआधी सोडलं तर माणूस बोलत नाही."