पितळी पाटी

शारजात चौघींच्या खोलीत वरच्या बंकवर झोपून इनेजने एकटीच्या पगारावर वसईतल्या फ्लॅटचं कर्ज अकरा वर्षं फेडलं. हप्त्याला हातभार म्हणून तिथे पाटकर कुटुंब भाड्याने ठेवलं होतं. यंदा मेमध्ये एकदाचा शेवटचा हप्ता गेला, तिने राजीनामा दिला आणि तिथल्याच रोला भागातल्या बाजारातून स्वतःच्या नावाची पितळी पाटी करून आणली. त्याच आठवड्यात सोसायटीचा फोन आला. इमारत गळतेय, प्रत्येकी एक लाख साठ हजार भरा. म्हणजे सात हजार दिरहम. इनेजने राजीनामा मागे घेतला, पाटकरवहिनींना फोन लावला. "वहिनी, अजून वर्षभर राहा. ऑफिसातला पॅट्रिक सुट्टीवर येतोय, त्याच्याकडे माझी पाटी देते. तेवढी दाराला लावा." वहिनी घुटमळल्या. "लावते हो. पण कुणी तुम्हाला शोधत आलं तर काय सांगू?" पाटी वर्तमानपत्रात गुंडाळत इनेज म्हणाली, "सांगा, कामावर गेलीय."