ढगळ एप्रन

म्युनिकच्या इस्पितळात डॉ. क्षमा मेश्रामच्या न्यूरोरेडिओलॉजी फेलोशिपचा शेवटचा आठवडा चालला होता. पुढे तिथंच नोकरी मिळण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मेंदूतली गुठळी क्ष-किरणांखाली बारीक नळीनं ओढून काढायला ती शिकली ते पाहुण्यांसाठीचा ढगळ, शिशाचा एप्रन घालून; मापाचा एप्रन कायमच्या डॉक्टरांनाच मिळायचा. आज खुंटीवर तो ढगळ एप्रनही नव्हता. तेवढ्यात टेक्निशियन ब्रांडलबाई आल्या. एरवी हातसुद्धा न मिळवणाऱ्या या बाईंनी गेल्या महिन्यात क्षमाला वाढदिवसाची घट्ट मिठी मारली, तेव्हा सगळे अवाक झाले होते. "आल्झो... चला तर, हा घाला." नवा एप्रन खांद्यापासून गुडघ्यापर्यंत चपखल बसला, छातीवर धाग्यानं तिचं नाव भरलेलं. "माझं माप कधी घेतलंत?" "वाढदिवसाला." क्षमाला रडूच फुटलं. बाईंनी पुन्हा मिठी मारली. "आता कशाचं माप?" "कशाचंच नाही."