लाल ठिगळाचं लुगडं

"मुकादम मांगेतीन उना ना?" धनुबाईनं विचारलं.

"हा." रमिलाची मान खाली. "कापूसना गाठीस्ना मांगे. मन्हा हात धरा त्यानी. पन तुले कसं माहीत, माय?"

"त्याले पुढतीन येवानी हिंमत कोठे शे?" धनुबाईनं तंबाखू दाढेला लावली आणि रमिलाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "आनि तू जिनमा येस का लगनमा? हिरवं लुगडं, लाल काठ, डोकामा अबोली! इतली नटीथटीसन येस, मंग रडस कसाले?"

झालं! पोर आली होती दाद मागायला आणि गुन्हेगार होऊन उभी राहिली.

नंदुरबारच्या त्या कापसाच्या जिनात मगन मुकादमानं बोट दाखवलं की बाई फाटकाबाहेर. आणि रमिलाला काम सोडून चालणार नव्हतं. नवरा दोधू टांग्याखाली पाय मोडून खाटेवर पडलेला. सासऱ्यानं कामाला पाठवतानाच बजावलं होतं, "तुन्हाबद्दल एक शब्द मन्हा कानवर उना, ते तुन्हं जिन बंद." मग खायचं काय?

हिरवं लुगडं दोधूनं सारंगखेड्याच्या जत्रेत घेतलं होतं, पाय धड होते तेव्हा. ते नेसून ती निघाली की बिचारा खाटेवरून बघत राही. तिचं नटणं म्हणजे काय ते एवढंच.

बायांवर देखरेख धनुबाईची. वय चाळीस, दिसायची साठीची. जीभ अशी की समोरच्याच्या अंगाची सालं काढावीत. नेसायची ते एकच मळकं तपकिरी लुगडं, पाठीवर लाल खणाचं हे एवढं ठिगळ. लग्नाकार्यातसुद्धा तेच! बाया मागून फिदीफिदी हसायच्या. शिवाय एक खोड होती. सरकीच्या खोलीत ती दुसऱ्या बाईला पाऊल टाकू द्यायची नाही. "सरकी चोरतीस रांडा," म्हणायची. दुपारी स्वतः एकटीच आत जायची आणि बऱ्याच वेळानं यायची. म्हातारी डुलकी काढून येते, असं बाया म्हणायच्या.

त्या संध्याकाळी धनुबाई रमिलाच्या दारात आली. काखेतून ते लाल ठिगळाचं लुगडं काढून तिच्या हातात कोंबलं.

"सकायले हाई नेसीसन ये. मी बी तुन्हाइतली व्हतू, तवय हिरवंच नेसू. मंग सोडी दिधं."

"मंग?"

"मंग काय? दखस ना, आते कोन दखस मन्हाकडे?"

एवढं बोलून ती तरातरा निघून गेली. रमिलाला वाटलं, तोंडाची फटकळ असली तरी म्हातारीला माया आहे.

सकाळी दोधूनं विचारलं, "हिरवं कोठे शे?"

"धवाले टाकं," ती म्हणाली. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. पण रमिला थांबली नाही.

जिनात रुईचा नुसता धुरळा. सगळ्या बाया नाकातोंडावर पदर गुंडाळून बसलेल्या, दिसतील ते फक्त डोळे. मगन मुकादम छडी हलवत दोनदा जवळून गेला. ढुंकूनही बघितलं नाही मेल्यानं! रमिलाला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. म्हणजे चूक आपलीच होती तर. उगाच दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडली. आता हिरवं नेसायचं नाही, अबोली माळायची नाही. कामही राहील आणि नावही राहील.

दुपारी रिकामी पोती संपली. पोती असायची सरकीच्या खोलीत. धनुबाई आज विटकं पांढरं नेसून पार पलीकडे, वजनकाट्यापाशी उभी होती. तिला विचारायला कोण जातं, म्हणून रमिला स्वतःच उठली. या लुगड्यात आता भीती कसली?

ती खोलीच्या दाराशी पोचली तेव्हा धनुबाईचं लक्ष गेलं. म्हातारीनं हातातलं ओझं टाकलं, दोन्ही हात वर केले आणि कापसाचा ढीग तुडवत, धडपडत, ओरडत धावत सुटली. इंजिनाच्या धडधडाटात शब्द काही कळेना.

'अगं बाई, मूठभर सरकीसाठी केवढा हा जीव!' रमिलाला हसू आलं. ती आत शिरली.

आत अंधार होता. पोत्यांची थप्पी चाचपडत ती वाकली. मागे दार लोटलं गेलं. कडी सरकली. भिंतीला छडी टेकल्याचा आवाज आला आणि पाठीमागून एका हातानं तिचं मनगट धरलं. रमिलाचा हात लटलट कापायला लागला.

मुकादमानं पाठीवरच्या लाल ठिगळावर हनुवटी टेकली आणि तिच्या कानाशी हसून म्हणाला,

"धनू, वीस वरीस व्हयनात, तरी आजूनबी तुन्हा हात थरथरस?"