अंगणातलं ऊन

मॉडेलचा फोटो काढायला शर्वाणीनं डोळा कॅमेऱ्याला लावला आणि तिला धूर दिसला.

कॉलेजच्या गच्चीवर, भर दुपारच्या उन्हात तिची पुठ्ठ्याची अंगणवाडी ठेवली होती. डोंगराच्या आडोशाला असलेल्या वस्तीवरच्या अंधाऱ्या वर्गात उजेड पोचावा, म्हणून तिनं अंगणाच्या भिंतीवर खोलगट वळणाचा चकचकीत पत्रा योजला होता. मॉडेलमधल्या त्या इवल्याशा पत्र्यानं सगळं ऊन गोळा करून अंगणात एकाच ठिपक्यावर टाकलं होतं. तिथला कागद काळा पडत चालला होता.

वस्तीवरची खरी अंगणवाडी तिच्याच आराखड्यानुसार बांधून झाली होती. पत्रा कालच बसवला होता.

तिनं तिथल्या सेविकेला, तानूकाकूंना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला तेव्हा कुठे त्यांनी उचलला.

"काकू, मुलं कुठेत?"

"हायती की अंगणात. खिचडी खात्यात."

"आत घ्या! सगळ्यांना आत्ताच्या आत्ता आत घ्या! त्या पत्र्याच्या उन्हानं भाजतील!"

फोन कुठेतरी आपटला. आरडाओरडा, ताटांचा खणखणाट. शर्वाणी कठडा घट्ट धरून ऐकत राहिली.

"घेतली गं समदी आत," काकू धापा टाकत म्हणाल्या. "पर सतरंजी जळाया लागली बघ. पोरं बसली हुती तितंच."

मागे एक पोर भोकाड पसरून रडत होतं.

"त्याला काय झालं?" तिनं कसंबसं विचारलं.

"काय न्हाई. खिचडी बाहेर राह्यली त्याची."

शर्वाणीनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. ते रडणं तिला ऐकतच राहावंसं वाटलं.