गोठ्यातली माशी

चामटोलीच्या नव्या टॉवरमध्ये लोकांना माशा चावू लागल्या, तेव्हा सगळ्यांनी कुंपणापलीकडच्या नाथाच्या गोठ्याकडे बोट दाखवलं. माशांमुळे गोठा हटवावा, असा अर्ज सेक्रेटरी देवरुखकरांनी लिहिला आणि सह्यांसाठी मीटिंग बोलावली. नाथालाही बोलावलं होतं, पण त्याला कुणी खुर्ची दिली नाही.

"माझ्या म्हशी तुमच्या आधीपासून हितं हायत," नाथा म्हणाला. "तवा कुणाला माशी चावली नाय."

"मग माशा काय आम्ही पाळल्या?" देवरुखकर खेकसले.

तिसऱ्या मजल्यावरच्या शलाका मॅडम उल्हासनगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. स्वतःच्या दंडावर पकडलेली माशी त्यांनी डबीतून आणली होती. ती भिंगाखाली धरून त्या म्हणाल्या, "गुरांवरच्या गोमाशीच्या पाठीवर पिवळट ठिपके असतात. ही बघा, सगळी काळपट आहे. हिच्या नखांना जास्तीचा काटाही आहे, पिसं धरून ठेवायला. ही कबुतरांचं रक्त पिते. देवरुखकर रोज सकाळी गच्चीवर दाणे टाकतात ना, त्या कबुतरांचं."

भिंग हातोहात फिरलं. प्रत्येकाने माशी नीट पाहिली. नाथाने सुटकेचा श्वास सोडला.

देवरुखकरांनी मात्र भिंगाला हातही लावला नाही. त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि खिशातून पेन काढलं.



'माशा' हा शब्द खोडून त्यांनी वर 'शेणाचा वास' असं लिहिलं, आणि शलाका मॅडम सोडून सगळ्यांनी सह्या केल्या.