फळ्यावरचा क्रूस

संपदाने फळ्यावर तिसरा शब्द लिहिला, ‘रुइन्ड’, आणि जर्मनीतल्या आखनच्या त्या वर्गात हशा पिकला.

आधीच्या दोन शब्दांना क्रूस मिळाले होते. इंग्रजीतल्या पहिल्यावहिल्या कादंबऱ्यांमधले शब्द घ्यायचे, आणि जो वापरातून गेला त्याच्यापुढे थडग्यावर असतो तसा छोटासा क्रूस काढायचा, ही तिच्या वर्गाची रीतच होती. स्वतःची पीएचडी सांभाळून संपदा हा वर्ग घ्यायची, आणि मोठ्या झोकात घ्यायची.

“लग्नाआधी दिवस गेले की तेव्हा बाईला हा शब्द लावत,” ती म्हणाली. “बाई कसली, नासलेलं दूधच जणू!”

“एवढ्यावरून?” हाना नावाची विद्यार्थिनी म्हणाली. “आल्झो, म्हणजे माझी आई तर दोनदा रुइन्ड झाली!”

सगळ्यांत मोठ्याने हसली ती संपदाच. हसता हसताच तिने शब्दापुढे क्रूस काढला. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. आईचा होता. सकाळपासून संपदा याच फोनची वाट पाहत होती आणि त्यालाच घाबरतही होती. ती बाहेर गेली.

“बाबांना सांगितलंस?”

“सांगितलं. जेवले नाहीत. आतून कडी लावून बसलेत.”

“आई, लुकास चांगला आहे गं. आम्हा दोघांनाही हे बाळ हवंय. लग्नाचं नंतर बघू.”

सांगलीच्या घरात कुकरची शिट्टी झाली. ती संपेपर्यंत आई थांबली.

“मावशीला सांगून टाकलं, की संपदाला सुट्टी नाही. तू यंदा घरी येऊ नकोस बाई.”

“तू तरी नीट बोल ना माझ्याशी.”

“काय बोलू? वाटोळं करून घेतलंस गं स्वतःचं.” आईला रडू फुटलं आणि फोन बंद झाला.

बाबांचा राग संपदाने गृहीत धरला होता. आईकडून मात्र तिला हे अपेक्षित नव्हतं. ओढणीने डोळे टिपून ती आत आली, सरळ फळ्याकडे गेली आणि तळहाताने तिसरा क्रूस पुसून टाकला.

“अरे, हा का पुसला?” हानाने विचारलं.

“मेलेला नाही हा,” संपदा म्हणाली. “आत्ताच फोनवर बोलला माझ्याशी.”

वर्ग पुन्हा खळखळून हसला.